वाढता टाका

यवतमाळहून दक्षिणेकडे माहूरच्या वाटेला लागलें म्हणजे अरुणावती नदीच्या कांठीं आर्णी हें गांव येतें. भोंवतालची जमीन काळी, कपाशीची. वऱ्हाडाच्या कापसाचा लौकिक ज्या मातीनें वाढविला तीच ही माती. पण या कापसाच्या गांवाचें नांव दूरवर गेलें तें एका लोकरीच्या वस्त्राबरोबर. येथें बाबा कंबलपोश यांचा दर्गा आहे आणि त्यांच्या उरुसाला लांबलांबचे लोक येतात. ‘पोश’ हा फारसी शब्द. कंबलपोश म्हणजे कांबळें पांघरणारा. ‘सूफी’ या शब्दाचेंच मूळ ‘सूफ’ म्हणजे लोकर यांत आहे, असें पुष्कळ पंडित मानतात. तेव्हां कांबळ्यावरून साधूची ओळख पडावी यांत नवल नाहीं.

साधूचें कांबळें, धनगराची घोंगडी, शेतकऱ्याचें धोतर, त्याच्या कारभारणीचें लुगडें, पाटलाचें उपरणें, हीं वस्त्रें एकमेकांपासून कितीही वेगळीं दिसलीं तरी एका बाबतींत तीं सख्खीं भावंडें आहेत. तीं सारीं चौकोनी आहेत. मागावरून जशीं उतरलीं तशींच अंगावर चढलीं. त्यांचा पन्हा ठरविला मागानें. कोष्ट्यानें ताणा लावतांना जितके धागे घेतले तितके शेवटपर्यंत राहणार. बाणा घालीत घालीत तो कापड हवें तितकें लांब करील, पण मध्येंच वीतभर रुंदी वाढवावी म्हटलें तर तें त्याच्या हातांत नाहीं.

माणसाचें शरीर मात्र चौकोनी नाहीं. मनगटापेक्षां दंड जाड, कमरेपेक्षां छाती रुंद, घोट्यापेक्षां पोटरी भरलेली. चौकोनी कापड आणि गोलाईचें शरीर यांची सांगड कशी घालावयाची, हा प्रश्न वस्त्रांच्या सर्व इतिहासामागें उभा आहे. आपल्याकडे त्याचें उत्तर निऱ्यांनीं दिलें. जास्तीचें कापड दुमडून खोंचलें कीं काम झालें. ना कात्री, ना सुई. नऊवारी लुगडें नेसून शेतांत वांकतां येतें, धांवतां येतें, आणि तेंच लुगडें आईच्या अंगावरून लेकीच्या अंगावर गेलें तरी त्यांत कांहीं फेरफार करावा लागत नाहीं. दुसरें उत्तर शिंप्याचें. तो कापड कापतो, आणि जेथें अंगाला सैल जागा हवी तेथें तिकोनी किंवा चौकोनी तुकडा जोडतो. बाराबंदीच्या काखेंत अशी कळी नसेल तर हात वर करतांच शिवण फाटावयाची. तिसरें उत्तर या दोहोंहून निराळें, आणि तें आपल्या घरांत फार उशिरां आलें. त्यांत कापड दुमडावें लागत नाहीं कीं कापावें लागत नाहीं; तें विणतां विणतांच रुंद होत जातें. सुयांवर विणणाऱ्या बायका त्याला ‘टाके वाढविणें’ म्हणतात.

मराठींतलें ‘विणणें’ हें क्रियापद मोठें उदार आहे. कोष्टी लुगडें विणतो, भोई जाळें विणतो, बुरूड टोपली विणतो, सुंभानें बाज विणतात, आणि आजी नातवासाठीं टोपडें विणते तेंही विणणेंच. या उदारपणामुळें एक मोठा फरक झांकून जातो. मागावर दोन धागे लागतात, एक उभा व एक आडवा, आणि ते एकमेकांना काटकोनांत ओलांडतात. सुयांच्या विणकामांत धागा एकच. त्याचा एक फांसा सुईवर असतो. त्यांतून दुसरा फांसा ओढून घेतला कीं पहिला खालीं उतरतो आणि दुसरा त्याच्या जागीं सुईवर बसतो. ओळीवर ओळ अशी चढत जाते. येथें रुंदी म्हणजे सुईवरच्या फांशांची संख्या, आणि ती संख्या दर ओळीला विणणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून.

संख्या वाढविण्याच्या रीती थोड्या आहेत. एकाच टाक्यांत आधीं पुढून व मग मागून सुई घालून दोन फांसे काढले कीं एकाचे दोन होतात. मात्र तेथें एक बारीक आडवी खूण राहते. दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा उचलून, त्याला पीळ देऊन विणला तर वाढ झाल्याचें सहसा डोळ्यांना कळतही नाहीं. आणि धागा नुसता सुईवर घेऊन पुढें गेलें तर टाका वाढतो खरा, पण त्याच्याखालीं भोंक पडतें. तें भोंक नको असलें तर दोष, हवें असलें तर नक्षी. जाळीच्या विणीची सर्व कलाकुसर या तिसऱ्या रीतीवर उभी आहे. तेथें एक टाका वाढवितात आणि जवळच दोन टाके एकत्र घेऊन एक कमी करतात; म्हणून जाळी पडत जाते, पण कापडाची रुंदी हलत नाहीं.

अंगावरच्या कपड्याला मात्र खरी वाढ हवी असते, आणि ती मोजून करावी लागते. एका बाहीचेंच उदाहरण घ्यावें. मनगटाशीं ४० टाके घेतले आणि मुंढ्याशीं ६४ व्हावयास पाहिजेत, तर वाढवावयाचे २४. दोन्ही कडांना एक एक असे वाढविले तर बारा वेळां वाढवावें लागेल. बाही ९६ ओळींची असेल तर दर आठव्या ओळीला एकदां. हा हिशेब पाटीपेन्सिलीवांचून, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून, असंख्य बायकांनीं केला आहे. त्याला गणित म्हणण्याची चाल नव्हती, इतकेंच.

ही विद्या निघाली कोठें? सुयांवर विणलेलें जुन्यांत जुनें कापड जें आज खात्रीनें ओळखतां येतें तें इजिप्तमधलें. इसवी सनाच्या सुमारें अकराव्या ते चौदाव्या शतकांतले कांहीं मोजे व मोज्यांचे तुकडे तेथल्या कोरड्या हवेंत टिकून राहिले, आणि त्यांतले कांहीं लंडन व वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. ज्या कामाला आपल्या घरांतून ‘लोकरीचें काम’ म्हणतात त्याचे हे सर्वांत जुने नमुने लोकरीचे नाहींत. ते सुताचे आहेत, पांढऱ्या व निळ्या सुताचे, आणि तो निळा रंग निळीचा. कापूस आणि नीळ यांचीं नांवें एकत्र उच्चारलीं कीं हिंदुस्थान आठवावयाचाच. गुजरातेंतलें ठशांचें छापील कापड त्या काळीं जुन्या कैरोपर्यंत, म्हणजे फुस्तातपर्यंत, जात होतें हें तर सिद्धच आहे. त्यावरून हे मोजेही इकडेच विणले गेले असावेत, असा तर्क कांहीं अभ्यासकांच्या मनांत आला. मोह पडावा असा तो तर्क आहे. परंतु आपल्याकडे सुयांवरच्या विणकामाचा त्या काळचा भरंवशाचा पुरावा आढळत नाहीं. आणि अनवाणी किंवा वहाणा घालून चालणाऱ्या देशानें पायमोज्यांची कला काढली असें म्हणणें ओढूनताणूनच होईल. ‘मोजा’ हा आपला शब्दसुद्धां फारसींतून आलेला. सूत इकडचें असूं शकेल. हात इकडचे होते असें म्हणण्यास आधार नाहीं.

या मोज्यांची एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यांची सुरुवात पायाच्या बोटांकडून होते. अगदीं थोड्या टाक्यांनीं आरंभ, मग टाके वाढवीत वाढवीत पाऊल भरून येईपर्यंत विणणें, मग टांच, आणि मग वर पोटरीकडे. तुर्कस्थानच्या खेड्यांपाड्यांतून ही रीत पुढेंही चालत राहिली. पश्चिम युरोपांत मात्र मोजा वरून खालीं विणण्याची चाल पडली. तेथें गुडघ्याकडे पुष्कळ टाके घ्यावयाचे आणि घोट्याकडे येतांना ते घटवावयाचे. दोन्ही चालींना व्यवहाराचें कारण आहे. सूत बेताचें असेल तर बोटांकडून सुरू करणें बरें. सूत संपेल तेथें मोजा थांबेल, पाऊल तर झांकलेलें असेल. उलट वरून विणलेल्या मोज्याचा बोटांकडचा भाग शेवटीं विणलेला असल्यामुळें, तो झिजला कीं सहज उसवतां येतो आणि तेवढाच नव्यानें विणतां येतो. ज्याला त्याला आपापल्या घरांत जें महाग त्याची काळजी.

इंग्लंडांत १५८९ सालीं या इतिहासानें मोठें वळण घेतलें. नॉटिंगहॅमशायरमधील काल्व्हर्टन गांवच्या विल्यम ली यानें मोजे विणण्याचें यंत्र केलें. सुयांवर विणणारी बाई एका वेळीं एक फांसा ओढते. लीच्या यंत्रांत प्रत्येक फांशाला स्वतंत्र आंकडा होता व सबंध ओळ एकदम विणली जाई. एलिझाबेथ राणीनें त्याला मक्ता दिला नाहीं. गरीब विणणाऱ्यांच्या तोंडचा घास जाईल म्हणून तिनें नकार दिला, अशी आख्यायिका आहे. ली फ्रान्सांत गेला. तेथें त्याला आश्रय देणारा राजा चौथा हेन्री १६१० सालीं मारेकऱ्याच्या हातून मारला गेला, आणि लीही पुढें परदेशांतच वारला. यंत्र मात्र इंग्लंडांत परत आलें व नॉटिंगहॅम आणि लेस्टर या भागांत घराघरांतून खडखडूं लागलें.

या यंत्राला सरळ पट्टी विणणें सोपें होतें. आकार द्यावयाचा तर कामगाराला थांबून कडेचे फांसे हातानें एका आंकड्यावरून शेजारच्या आंकड्यावर सरकवावे लागत. आंत सरकविले कीं रुंदी घटे. बाहेर सरकविले कीं रुंदी वाढे, पण मध्यें एक आंकडा मोकळा राही, तेथें भोंक पडे आणि तें बुजवीत बसावें लागे. म्हणजे यंत्राला घटविणें जितकें साधे तितकें वाढविणें साधत नसे. हातानें विणणाऱ्या बाईला हा भेद जवळ जवळ जाणवत नाहीं. यंत्राला तो पुढें कित्येक पिढ्या जाणवत राहिला.

थांबणें म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे पैसा. तेव्हां कांहीं व्यापाऱ्यांनीं एक सोपी वाट काढली. रुंद यंत्रावर सरळ कापड विणावयाचें, त्यांतून मोज्याच्या आकाराचे तुकडे कात्रीनें कापावयाचे आणि ते शिवून बाजारांत आणावयाचे. अशा मोज्याला विणीची मूळ किनार नसते. शिवण सुटली कीं कापलेल्या कडेचे फांसे निसटूं लागतात आणि थोड्या धुण्यांत मोजा विरतो. दिसायला तो आकार दिलेल्या मोज्यासारखाच, किंमतीला मात्र स्वस्त. चांगल्या कारागिरांची मजुरी त्यामुळें उतरली आणि एकंदर मालाची अब्रूही गेली. १८११ सालीं नॉटिंगहॅमशायरमधल्या कारागिरांनीं रात्रीं टोळ्यांनीं जाऊन यंत्रें फोडण्यास सुरुवात केली. हेच इतिहासांतले लुडाइट.

लुडाइट म्हणजे यंत्राचा वैरी, सुधारणेला भिणारा अडाणी माणूस, असा अर्थ आज रूढ झाला आहे. नॉटिंगहॅमच्या या माणसांवर तो अन्याय आहे. ते स्वतःच यंत्रावर पोट भरणारे होते, आणि लीचें यंत्र त्या वेळीं सव्वादोनशें वर्षांचें जुनें होतें. त्यांच्या तक्रारी उतरलेल्या मजुरीबद्दल होत्या, उमेदवारी न केलेल्या स्वस्त कामगारांबद्दल होत्या, आणि या कापीव मालाबद्दल होत्या. टाके वाढवून-घटवून आकार दिलेलें काम आणि कात्रीनें आकार दिलेलें काम यांत फरक आहे, तो गिऱ्हाइकाला कळला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. सरकारनें १८१२ सालीं यंत्र फोडण्याच्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा ठरविली. लॉर्ड सभेंत त्या विधेयकाविरुद्ध बोलण्यास जो तरुण उभा राहिला तो कवि बायरन. तें त्याचें त्या सभेंतलें पहिलें भाषण. विधेयक अर्थात् संमत झालें.

बाजारानेंही कात्रीचीच बाजू घेतली. १८१६ सालीं मार्क ब्रुनेल यानें गोल विणणाऱ्या यंत्राचा हक्क घेतला. त्यांतून कापडाची अखंड नळी निघे, जिला ना कड ना आकार. पुढें १८६४ सालीं लफबरो येथल्या विल्यम कॉटन यानें टाके आपोआप घटविणारें व वाढविणारें यंत्र सिद्ध केलें, आणि ज्यांना परवडत होते त्यांच्या पायांत आकार दिलेले मोजे राहिले. या गृहस्थाचें आडनांवच कापूस! पण आर्णीच्या शेतांतल्या कापसाची गांठ पडावयाची होती ती त्याच्या यंत्राशीं नव्हे, ब्रुनेलच्या नळीच्या वंशजांशीं.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. कापसाच्या गांठी मुंबईकडे व तेथून समुद्रापार जाऊं लागल्या, आणि त्याच वाटेनें परदेशी कपडे उलट येऊं लागले. त्यांतल्या एकानें आपला पत्ता नांवांतच लिहून आणला होता. तो कपडा म्हणजे गंजीफ्राक.

गंजी म्हणजे ग्वेर्न्सी. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रांत ग्वेर्न्सी आणि जर्सी अशीं दोन लहानशीं बेटें आहेत. विणकामाबद्दल तीं सोळाव्या शतकापासून प्रसिद्ध होतीं, आणि दोघांनींही आपापलीं नांवें कपड्यांना दिलीं. जर्सी शब्द आपल्याकडे खेळाडूंच्या अंगावर आला. ग्वेर्न्सीचें ‘गंजी’ होऊन तें सदऱ्याखालीं गेलें. (‘बनियन’ची कथा याच्या उलट आहे. तो आपला वाणी. इंग्रजांनीं वाण्यांच्या सैल अंगरख्याला त्याचें नांव दिलें, आणि तें नांव परदेशीं फिरून भलत्याच कपड्यावर बसून परत आलें.)

मूळची ग्वेर्न्सी ही समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांची जाड लोकरीची बंडी. ती चार-पांच सुयांवर गोल विणीत; तिला बाजूंना शिवण म्हणून नसे. परंतु वल्हें ओढणाऱ्याचा हात वर जावयास हवा. बाराबंदीच्या शिंप्यापुढें जो प्रश्न होता तोच या कोळिणींपुढें आला. त्यांनीं काखेच्या खालीं बाजूच्या रेषेवर एक टाका वाढविला, कांहीं फेऱ्यांनंतर आणखी दोन, मग आणखी दोन. काखेपर्यंत येतां येतां तेथें एक त्रिकोण उमलला. पुढें बाही विणतांना तेच टाके तसेच एक एक घटवीत नेले आणि त्रिकोणाला खालचा जोडीदार मिळून शंकरपाळ्यासारखी चौकट पुरी झाली. शिंप्यानें जी कळी वेगळी कापून जोडली ती येथें कापडांतूनच उगवली. तिला शिवण नाहीं, म्हणून ती उसवायची भीतीही नाहीं.

आपल्याकडे जो गंजीफ्राक आला त्यांत यांतलें कांहींएक उरलें नव्हतें. तो सुताचा, पातळ, यंत्राच्या नळीचा आणि कात्रीनें बेतलेला. म्हणजे नांव ग्वेर्न्सीचें आणि जात नॉटिंगहॅमच्या कापीव मोज्याची. उष्ण देशांत तोच सोयीचा होता, याबद्दल वाद नाहीं. विणलेलें कापड सर्व बाजूंनीं ताणतें, म्हणून आकार नसला तरी अंगाबरोबर जातें. आणि बिनबाह्यांच्या बनियनला तर काखच उरली नाहीं, मग कळी हवी कशाला? कलकत्ता, लुधियाना, तिरुप्पूर येथें या मालाचे मोठे कारखाने उभे राहिले. वऱ्हाडचा कापूस पिकविणाऱ्याच्या अंगावर कारखान्यांतली बंडी आली, पण ती विणणाऱ्या हातांची विद्या तिच्याबरोबर आली नाहीं.

ती विद्या आली दुसऱ्या दारानें. एकोणिसाव्या शतकांत मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवणकामाच्या जोडीला सुयांचें विणकाम आलें. मुंबईंत अमेरिकन मिशननें मुलींची शाळा १८२४ सालीं काढली, पुण्यास जोतिराव व सावित्रीबाई फुले यांची शाळा १८४८ सालीं निघाली, हुजूरपागा १८८४ सालीं. या शाळांत मुलींना काय शिकवावें यावर जे वाद झाले ते सर्वश्रुत आहेत. इंग्रजी किती, गणित किती, आणि शिवणटिपण व गृहकृत्यें किती, यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. टिळकांच्या बाजूचें म्हणणें गृहकृत्यांना झुकतें माप द्यावें असें. सुधारकांचें त्याच्या उलट. त्या सगळ्या वादांत एक गोष्ट दोन्ही पक्षांनीं गृहीत धरलेली दिसते. विणकाम हें गणिताच्या विरुद्ध बाजूच्या पारड्यांत टाकावयाचें. बाहीच्या चोवीस टाक्यांचें त्रैराशिक कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

शिकविणाऱ्या मडमांच्या पुस्तकांत इंग्रजी अक्षरांच्या खुणा असत. त्या आपल्या बायकांनीं बाजूला ठेवल्या आणि स्वतःचे शब्द केले. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणें, टाके बंद करणें, टाका सुटणें. हे शब्द इतके सरळ आहेत कीं ते कोणीतरी कधीं नव्यानें योजले असतील असें वाटतच नाहीं. पाठ पुस्तकावरून कमी आणि नमुन्यावरून जास्त दिला गेला. शेजारणीचा स्वेटर उलटा करून आंतली बाजू पाहिली म्हणजे कोठें टाका वाढविला तें कळे. आधीं ही कला मुख्यतः बाळंतविड्यांत शिरली. कुंची, टोपडें, झबलें, पायांतले इवले मोजे. टोपडें हें वाढत्या टाक्याचें फार चांगलें शिक्षण आहे. टाळूपाशीं आठ-दहा टाक्यांनीं आरंभ करून एक फेरा सोडून दुसऱ्या फेऱ्याला आठ टाके वाढवीत गेलें तर चकती जवळ जवळ सपाट होते. कमी वाढविले तर तिची वाटी होते. जास्त वाढविले तर कडेला झालर पडते. वाटी केव्हां हवी आणि चकती केव्हां, हें ज्या बाईच्या हाताला कळलें तिला वर्तुळाचा परीघ व्यासाच्या प्रमाणांत वाढतो हेंही कळलें, मग तिनें तें वाक्य ऐकलेलें असो वा नसो.

१९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकारानें सेवासदन निघालें. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभें करावें हा त्याच्या हेतूंतला एक मोठा भाग, आणि त्यासाठीं शिवण, भरतकाम, विणकाम अशा हस्तव्यवसायांचे वर्ग. येथें विणकामाला प्रथमच मजुरीचा प्रश्न येऊन भिडला, आणि तो नॉटिंगहॅमचाच प्रश्न होता. आकार देत देत एक स्वेटर विणावयास अनेक दिवस लागतात. यंत्राच्या मालाच्या भावाशीं बरोबरी करावयाची तर त्या दिवसांचा मोबदला मिळत नाहीं. दिवसांचा मोबदला मागावा तर गिऱ्हाईक यंत्राचा माल घेतें. शिवणाच्या यंत्रावर पुष्कळ बायकांचे संसार उभे राहिले. सुयांवर त्या मानानें फार थोडे. वाढता टाका टिकला तो घरांत, जेथें बाईच्या वेळेला भाव नव्हता म्हणून. कारागिरांनीं ज्यासाठीं यंत्रें फोडलीं तें चांगलें काम जगांत शिल्लक राहिलें, तें असें फुकट होऊन राहिलें. कौतुक करणाऱ्यांनीं हा हिशेब सहसा मांडलेला नाहीं.

गणिताच्या बाजूनें न्याय झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि तोही परदेशांत. मूळच्या इंग्लंडच्या व अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन या बाईंनीं १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत एक गोल शाल दिली. तींत टाके दर फेऱ्याला वाढवावयाचे नाहींत; मध्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं एकदम सगळे टाके दुप्पट करावयाचे, आणि मग पुढचें अंतर दुप्पट होईपर्यंत निश्चिंतपणें विणीत राहावयाचें. परीघ त्रिज्येबरोबर दुप्पट होतो, एवढ्याच आधारावर ती शाल सपाट पडते. पुढें १९९७ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतल्या लाट्व्हियन गणितज्ञ डायना ताइमिना यांनीं ठराविक टाक्यांमागें एक टाका या हिशेबानें सतत वाढवीत जाऊन झालरींनीं भरलेली एक आकृति केली. ज्या वक्र पृष्ठभागाबद्दल गणिती शंभर वर्षांहून अधिक काळ लिहीत आले होते तो विद्यार्थ्यांना हातांत धरून पाहतां आला. त्यांनीं आधीं दोन सुयांवर करून पाहिलें होतें, पण वाढणारे टाके सुईवर मावेनात, म्हणून क्रोशाची आंकडी घेतली. टोपड्याला चुकून झालर पडली म्हणून जें विणकाम उसवलें जात होतें, त्याच चुकीची ही शास्त्रशुद्ध आवृत्ति म्हणावयास हरकत नाहीं.

यंत्रही अखेर तेथेंच आलें. १९९५ सालीं जपानांतल्या वाकायामा येथील शिमा सेइकी या कारखान्यानें सबंध स्वेटर एकाच वेळीं, बाह्यांसकट, एकही शिवण न घालतां विणणारें यंत्र जगापुढें मांडलें. त्यांत कापणें नाहीं आणि जोडणेंही नाहीं. जेथें अंग रुंद तेथें टाके वाढतात, जेथें अरुंद तेथें घटतात. लीच्या यंत्रापासून चारशें सहा वर्षांनीं.

वऱ्हाडांतली थंडी थोडक्या दिवसांची, पण पहांटे शेतावर जाणाऱ्याला ती चांगली झोंबते. त्या दिवसांपुरते स्वेटर बाहेर निघतात आणि मग वर्षभर पेटींत पडून राहतात. मुलाचा स्वेटर दुसऱ्या थंडींत आंखूड होतो. कारखान्यांतला, कापून शिवलेला असेल तर त्याची शिवण उसवून हातीं लागतात ते तुटके धागे, ओळीओळीला कात्रीनें तोडलेले. तो धाकट्याला द्यावयाचा किंवा पुसणें करावयाचें. हातानें विणलेला असेल तर गळ्याचा शेवटचा टाका शोधून धागा ओढला कीं पाठपोट, बाह्या, मुंढे सगळें ओळीओळीनें उलगडत जातें आणि लांबच लांब अखंड धागा मिळतो. त्याच्या लडी करून त्या कोमट पाण्यांत भिजवावयाच्या, खालीं वजन बांधून सावलींत टांगावयाच्या, म्हणजे जुन्या टाक्यांचे वळसे निघून लोकर सरळ होते. मग ती गुंडाळून, कमी पडेल तेथें दुसऱ्या रंगाची एक पट्टी घालून, यंदा मनगटाशीं चाळीसच्या ऐवजीं चव्वेचाळीस टाके घालावयाचे.